कोरडे डोळे : माझे आणि ह्यांचे

2013 च्या मे महिन्यात माझ्या डोळ्यांत वाळू आली. अकोल्याचा उन्हाळा, पारा पंचेचाळिसाच्या पुढे, शाळेला सुट्टी, आणि मी तासातासाला उठून डोळ्यांवर पाण्याचे हबके मारत होते. आरशात पाहिलं तर कचरा दिसत नसे. पण डोळा मिटला की आत कुणी रेती पसरून ठेवल्यासारखं घासायचं. खडूची धूळ असेल, झळ लागली असेल, कूलरच्या वाऱ्यात झोपतेस म्हणून असेल, असं प्रत्येकाने काही ना काही सांगितलं. मला ते पटतही गेलं, कारण शाळेतल्या आणखी दोघी बाईंना तसाच त्रास होत होता. त्यांची वाळू पहिल्या पावसाबरोबर गेली. माझी राहिली.

त्यानंतरच्या चार वर्षांचं मला अजून वाईट वाटतं. आधी निदान झालं ॲलर्जीचं. रोज रात्री एक गोळी. या गोळ्यांनी नाकातलं पाणी आटतं तसं डोळ्यांतलं आणि तोंडातलंही आटतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. मग औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणले. तासाभरात डोळे पांढरेशुभ्र व्हायचे आणि औषध उतरलं की आधीपेक्षा जास्त लाल. त्यानंतर एका दवाखान्यात स्टेरॉईडचे थेंब लिहून मिळाले, दोन आठवड्यांसाठी. दोन दिवसांत मला इतकं बरं वाटलं की मी देव पावल्यासारखी आनंदले आणि दोन आठवडे संपल्यावरही तीच चिठ्ठी दाखवून बाटली आणत राहिले. दुकानदाराने एकदाही विचारलं नाही. सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर बघायला गेले, तेव्हा डोळ्यांतला दाब 28 निघाला. तो साधारण 21 च्या आत असावा लागतो. थेंब बंद केल्यावर दोन महिन्यांत दाब उतरला आणि नसेला इजा झाली नव्हती. पण काचबिंदूच्या दारापर्यंत जाऊन आले होते. स्टेरॉईडचे थेंब वाईट नाहीत, पुढे मला ते पुन्हा दिले गेले आणि उपयोगी पडले. पण डॉक्टरांनी मोजून दिलेले दिवस आणि त्या काळात दाबाची तपासणी, याला सूट नाही.

या सगळ्या काळात माझ्या शरीरात आणखी गोष्टी चालल्या होत्या, आणि त्यांचा डोळ्यांशी काही संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मुरमुऱ्याचा चिवडा घोटभर पाण्याशिवाय घशाखाली उतरत नसे. वर्गात सलग दहा मिनिटं कविता म्हणून दाखवली की जीभ टाळ्याला चिकटायची. दोन वर्षांत तीन दाढा किडल्या, त्याही हिरडीच्या कडेशी. सकाळी उठल्यावर बोटं इतकी आखडलेली असत की कणीक मळायला अर्धा तास थांबावं लागे. दातांच्या डॉक्टरांना मी दात दाखवले, हाडांच्या डॉक्टरांना बोटं दाखवली, डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळे. एकाच माणसासमोर तिन्ही गोष्टी कधी मांडल्या नाहीत, आणि कुणी विचारल्याही नाहीत.

नोव्हेंबर 2016 मध्ये माझी आई गेली. मी तिच्या पायाशी बसले होते. छाती फुटायची बाकी होती, आवाज निघत होता, हुंदके येत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. नुसती आग. मागे बसलेल्या बायांमधून आवाज आला, "सख्खी माय गेली अन् पोरीच्या डोयाले पानी नाई." ती बाई काही दुष्ट नव्हती. तिने जे पाहिलं ते ती बोलली. पण ते वाक्य घेऊन मी परत आले आणि कित्येक रात्री स्वतःलाच विचारत राहिले की माझं आतून काही आटलंय का. ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "चल, नागपूरला दाखवू. हे उन्हाचं नाही आता."

नागपूरच्या बुबुळतज्ज्ञ डॉक्टर मॅडमनी माझ्या जुन्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि आधी विचारलं, "ताई, कोरडी भाकरी पाण्याशिवाय गिळता येते?" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी दातांचं विचारलं, सांध्यांचं विचारलं, गालाजवळ कानाखाली कधी सूज येते का ते विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सगळं एका कागदावर लिहीत होतं.

मग पट्टीची तपासणी झाली. गाळणकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगतात. निरोगी डोळ्याच्या पाण्याने पट्टी दहा-पंधरा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजते. माझी उजवी तीन आणि डावी दोन भिजली. नंतर डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं. मॅडमनी यंत्राच्या पडद्यावर मला माझंच बुबुळ दाखवलं. त्यावर हिरवे ठिपके होते, खालच्या बाजूला तर दाट. जिथे जिथे वरचा पापुद्रा सुकून झिजलाय तिथे रंग धरतो, असं त्या म्हणाल्या. चार वर्षं ज्याला मी वाळू म्हणत होते ती अशी दिसत होती.

रक्ताच्या तपासण्यांत एसएसए नावाची, आपल्याच शरीरावर उलटणारी प्रतिद्रव्यं जोरदार निघाली, संधिवाताचा घटकही वाढलेला. खालच्या ओठाच्या आतून दोन-चार बारीक लाळग्रंथी काढून तपासायला पाठवल्या. भूल देऊन दहा मिनिटांचं काम, पण तीन आठवडे ओठाचा तेवढा भाग बधिर होता. अहवालात आलं की ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशींचे पुंजके घुसले आहेत. आजाराचं नाव शोग्रेन. लॅबमधला मुलगा त्याला स्जोग्रेन म्हणाला, आमच्या अकोल्याच्या डॉक्टरांनी आणखी वेगळं म्हटलं. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी 1933 मध्ये आपल्या प्रबंधात अशा 19 बायकांचं वर्णन केलं, ज्यांचे डोळे कोरडे होते, तोंड कोरडं होतं आणि बऱ्याच जणींचे सांधेही दुखत होते. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. ज्या माणसाने हा आजार नीट मांडला तो डोळ्यांचाच डॉक्टर होता, आणि त्याने डोळ्यांपलीकडे पाहिलं होतं. या आजारात आपलीच रोगप्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. दर दहा रुग्णांत जवळपास नऊ बायका असतात. आईच्या पायाशी माझे डोळे कोरडे का राहिले याचं कारण त्या अहवालात होतं.

2017 च्या फेब्रुवारीत उपचार सुरू झाले. संधिवाततज्ज्ञांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं. माझं वजन 62 किलो, किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही या हिशेबाने रोज 300. त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं, "ही गोळी तुमच्या सांध्यांसाठी. डोळ्यांत पाणी आणेल अशी आशा ठेवू नका." आशा न ठेवायला सांगणारे डॉक्टर मला आवडले. बोटांचं आखडणं चार-पाच महिन्यांत कमी झालं. या गोळीचा दृष्टिपटलावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला पडद्याचा स्कॅन करून ठेवला आणि पाच वर्षं झाल्यापासून दरवर्षी करते.

डोळ्यांसाठी पहिला बदल झाला तो कृत्रिम अश्रूंच्या बाटलीत. मी दिवसातून दहा-दहा वेळा थेंब टाकत होते, आणि बाटलीतलं ते औषध टिकावं म्हणून घातलेलं रसायनच माझ्या झिजलेल्या बुबुळाला चरत होतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर ते रसायन नसलेले थेंब घ्यायचे, एवढी साधी गोष्ट. बारीक प्लास्टिकच्या कुप्यांत येतात. महाग पडतात, महिन्याला दीड-दोन हजार त्यातच जातात. पण पंधरा दिवसांत फरक कळला.

दुसरं औषध सायक्लोस्पोरिनचे थेंब, दिवसातून दोनदा. हे ग्रंथींवर चाललेला हल्ला शमवतं. मॅडम म्हणाल्या होत्या की तीन ते सहा महिने धीर धरा. पहिल्या दिवशी थेंब टाकला आणि मिरच्या चिरलेला हात डोळ्याला लागल्यासारखं झालं. सुरुवातीचे काही आठवडे सोबत स्टेरॉईडचे सौम्य थेंब होते, मोजून, दाब तपासत, म्हणून ते निभावलं. ते बंद झाल्यावर जळजळ परत आली. तिसऱ्या महिन्यात मी बाटली कपाटात मागे ढकलून दिली. चार दिवस टाकली नाही. पाचव्या दिवशी ह्यांनी ती काढून टेबलावर ठेवली, काही बोलले नाहीत. मी पुन्हा सुरू केली. आधी कृत्रिम अश्रू फ्रिजमधले गार टाकायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, मग हे, अशी युक्ती सापडली आणि जळजळ सोसण्याइतकी झाली. पाचव्या महिन्यात एका सकाळी उठून मी चहा ठेवला, पेपर वाचायला घेतला, आणि अर्धा पेपर झाल्यावर लक्षात आलं की आज डोळ्यांची आठवणच झाली नाही.

त्यानंतर खालच्या पापण्यांच्या कोपऱ्यांतल्या छिद्रांत सिलिकॉनची बारीक बुचं बसवली. डोळ्यांतलं पाणी या छिद्रांतून नाकात उतरतं. वाटच बंद केली की जे थोडं पाणी आहे ते थांबतं. हे आधीच का केलं नाही, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, आत सूज असताना बुच बसवलं तर तेच सूज आणणारं पाणी डोळ्यात साचून राहतं. आधी सूज उतरवायची, मग वाट बुजवायची.

आता ह्यांचं. हे करसल्लागार, दिवसभर संगणकासमोर. 2018 च्या जुलैत, विवरणपत्रांच्या गर्दीत, यांचे डोळे चुरचुरायला लागले. पण यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. स्कूटरवर वारा लागला की गाल भिजायचे. हे म्हणायचे, "तुझे कोरडे, माझे ओले. देवाने वाटणी बरोबर केली नाही." आणि माझ्या कुप्यांतला एखादा थेंब मागून घ्यायचे. तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. शेवटी माझ्या तपासणीच्या दिवशी मी यांनाही खुर्चीत बसवलं.

यांची पट्टी अठरा मिलिमीटर भिजली. पण पिवळा रंग टाकून न मिचकावता डोळे उघडे ठेवायला सांगितले, तर चार सेकंदांत अश्रूंच्या थराला भोकं पडली. तो थर निदान दहा सेकंद टिकायला हवा. मॅडमनी यांची खालची पापणी बोटाने दाबली. तिच्या काठावर तेलाच्या ग्रंथींची तोंडं असतात. त्यांतून पातळ तेल यायला हवं, आलं ते टूथपेस्टसारखं घट्ट, पिवळसर. "थंडीत तूप थिजतं ना, तसं झालंय," त्या म्हणाल्या. आणि यांचे डोळेही कोरडेच आहेत असं सांगितलं. मला ते पटेना. मग त्यांनी असं समजावलं : पातेल्यात पाणी आहे पण वर झाकण नाही, तर पाणी उडून जातं. वरचा तेलाचा थर हे झाकण. डोळा वारंवार उघडा पडतो, चुरचुरतो, आणि मग घाबरून एकदम पाणी सोडतो. ते पाणी थांबत नाही, वाहून जातं. "ताई, तुमच्या पातेल्यात पाणीच नाही."

यांच्या रक्ताच्याही तपासण्या केल्या, माझा अनुभव पाहून मीच आग्रह धरला. सगळ्या साफ आल्या. सांधे नाहीत, तोंड नाही, फक्त पापण्यांच्या काठावरचं तेल थिजलेलं, आणि संगणकाकडे बघताना मिचकावणं विसरलेलं. माणूस एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्यासमोर ते निम्म्याहून खाली येतं, आणि पापणी पुरती मिटली नाही तर ग्रंथी दाबल्याच जात नाहीत.

यांचे उपचार पाहून मला खरंच हेवा वाटला. रोज दोनदा डोळे शेकायचे, पापण्यांची मालिश करायची, काठ पुसून घ्यायचे. आधी गरम पाण्यात बुडवलेला रुमाल करून पाहिला, तो मिनिटभरात गार होतो. तव्यावर गरम केलेल्या कापडाचंही तेच. मग मी जुन्या सुती साडीची पिशवी शिवली आणि तिच्यात दीड वाटी जवस भरलं. जवस ऊब धरून ठेवतं, आणि दाणा निसरडा असल्याने पिशवी डोळ्यांच्या खोबणीत नीट बसते. मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, सोसवली तर दहा मिनिटं डोळ्यांवर. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, काठाकडे हलकेच दाबत न्यायची. बुबुळावर दाब द्यायचा नाही. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दीड महिना होत्या. त्या गोळ्यांनी ऊन बाधतं, म्हणून मॅडमनी त्या मुद्दाम डिसेंबरात सुरू केल्या. अकोल्याच्या एप्रिलात ते शक्य नव्हतं.

हे कुणाच्या तरी सांगण्यावरून माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही घेत होते. मॅडमनी सांगितलं की 2018 मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, पाचशेहून अधिक रुग्ण, वर्षभर, आणि ओमेगा-थ्री घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. कॅप्सूल बंद झाल्या. जवसाची चटणी मात्र आमच्याकडे पूर्वीपासून होते तशी होतेच.

चार महिन्यांत यांचं पाणी गळणं थांबलं. पण फेब्रुवारीत शेकणं सोडलं आणि मार्चच्या गर्दीत पुन्हा गळायला लागलं. तेव्हापासून एक दिवसही सोडत नाहीत. माझ्याही पापण्यांत पुढे तोच दोष निघाला, शोग्रेनमध्ये बऱ्याच जणींना दोन्ही असतात. म्हणून आता दोन पिशव्या आहेत.

2020 चा मार्च मी विसरू शकत नाही. कोरोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालतं अशी बातमी जगभर पसरली, सरकारने निर्यात थांबवली, चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, आणि तरी अकोल्यातल्या दुकानांतून माझी गोळी गायब झाली. माझ्याकडे नऊ दिवसांच्या गोळ्या होत्या. ज्यांना गरज नव्हती त्यांनी घरात साठे केले होते, आणि ज्यांचे सांधे त्या गोळीवर चालतात ते दारोदार फिरत होते. हे औषध शरीरात आठवडेच्या आठवडे उरतं, लगेच काही बिघडणार नाही, असं डॉक्टरांनी फोनवर धीर देऊन सांगितलं, म्हणून मी एक दिवसाआड घेतली. तीन आठवड्यांनी वाशिमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दोन पाकिटं पाठवली. मास्कचाही त्रास झाला. श्वास वरच्या कडेतून थेट डोळ्यांत जायचा. नाकावर कागदी चिकटपट्टी लावली की थांबायचा.

त्या उन्हाळ्यात बुबुळ पुन्हा बिघडलं. ठिपके जोडून चट्टे झाले, उजेड सहन होईना, ऑनलाइन वर्ग मी खोली अंधारी करून घेत होते. 2021 मध्ये स्वतःच्या रक्तातल्या द्रवाचे थेंब सुरू केले. नागपूरला जाऊन रक्त द्यायचं. ते गोठू देतात, फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा करतात, सलाइनमध्ये 20 टक्के करून छोट्या बाटल्यांत भरतात. अश्रूंमध्ये जी वाढीची द्रव्यं असतात त्यातली बरीच या द्रवात असतात, ती कुठल्याही दुकानी थेंबांत नाहीत. टिकवणारं रसायन अर्थातच नसतं. म्हणून बाटल्या गोठवून ठेवायच्या, एकच काढून फ्रिजमध्ये, आणि ती आठवड्यात संपवायची किंवा फेकायची. नागपूर ते अकोला अडीचशे किलोमीटर, मांडीवर बर्फाचा डबा. घरी आल्यावर वीज गेली की माझं पहिलं लक्ष फ्रीजरकडे. पण सहा आठवड्यांनी मॅडमनी निळ्या उजेडात पाहिलं आणि न बोलता पडदा माझ्याकडे वळवला. चट्टे नव्हते. खाली थोडे ठिपके होते, बस.

पट्टी अजूनही तीनच मिलिमीटर भिजते. तो आकडा वाढला नाही आणि वाढेल असं मला कुणी सांगितलेलंही नाही. फ्लोराइडची पेस्ट, पाण्याची बाटली, रात्री डोळ्यांत मलम, पंख्याचा झोत तोंडावर नाही. उन्हाळ्यात एसीपेक्षा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मला बरा, त्याची हवा ओली असते, फक्त अंगावर थेट घ्यायची नाही. लाळेसाठी पिलोकार्पिनच्या गोळ्या आहेत, त्यांनी तोंड ओलं होतं आणि घामाच्या धारा लागतात, म्हणून त्या पावसाळ्यानंतर घेते. दर वर्षी संधिवाततज्ज्ञ कानाखालच्या ग्रंथी चाचपतात, कारण या आजारात काही थोड्या रुग्णांना लसिकाग्रंथींचा कर्करोग होऊ शकतो. त्या तपासणीच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही. ह्यांना ते माहीत आहे, त्या रात्री हे दिवा चालू ठेवतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतली एक नवी बाई, जेमतेम तिशीची, मधल्या सुट्टीत डोळे चोळत बसली होती. "मॅडम, वाळू गेल्यासारखं होतंय हो, महिनाभर झाला." माझ्या डब्यात चिवडा होता. मी तिच्यापुढे धरला आणि तिची पाण्याची बाटली उचलून माझ्याजवळ ठेवली. तिने मूठभर खाल्ला, गप्पा मारत, सहज. दात विचारले, बोटं विचारली. काही नाही. दिवसभर किती वेळ मोबाइलवर असतेस, ते विचारलं. मग तिला दवाखान्याचा पत्ता दिला, पापण्यांचे काठ दाबून बघायला सांग असं कागदावर लिहून दिलं, आणि खाली लिहिलं : जवस, दीड वाटी.